न पिळणारा चरक

आमच्या त्रैमासिकाचा अंक आला की मी आधी शेवटून दुसरं पान उघडते. तिथं वाचकांची पत्रं असतात. लेख नंतर. लेख काय, कोणीही लिहितं. पलीकडे वाचणारं कोणी आहे की नाही ते पत्रांवरून कळतं. गेली काही वर्षं ते पान वाचून झालं की मी अंक टेबलावर असा टाकते की यजमान आतल्या खोलीतून विचारतात, "आला वाटतं अंक?"

हे त्रैमासिक पुण्याहून निघतं. बैलगाड्या, गलबतं, आगगाडीची इंजिनं, एसटीच्या गाड्या यांच्या लहान प्रतिकृती करणाऱ्या लोकांसाठी ते आहे. मराठीत असं काही निघतं हे पुष्कळांना ठाऊकच नसतं आणि ज्यांना ठाऊक असतं ते त्याला खेळण्यांचं मासिक म्हणतात. मला ते लागतं. खेळणं आणि प्रतिकृती यांत फरक असतो मापाचा. खेळण्यातल्या गाडीचं चाक कसंही चालतं. प्रतिकृतीचं चाक खऱ्या चाकाच्या चौथ्या हिश्शाचं ठरलं तर चौथ्याच हिश्शाचं असावं लागतं, दाणाभरही इकडेतिकडे नाही.

मापाचं हे वेड माझ्या नोकरीतून आलं. कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीच्या ड्रॉइंग ऑफिसात मी तीस वर्षं काढली. पदाचं नाव ड्राफ्ट्समन. बाईमाणूस असून शेवटपर्यंत ड्राफ्ट्समनच राहिले. ते बदलावं असं कारखान्यात कोणाला वाटलं नाही आणि मलाही सुचलं नाही. निवृत्त झाल्यावर इतर बायका भिशीत गेल्या, मी लाकूड कापायला बसले.

या त्रैमासिकाचे सुरुवातीचे अंक दिसायला अगदी गरीब होते. कागद असा की मागच्या पानावरची अक्षरं पुढच्या पानावर डोकावायची. फोटोत गलबत आहे की कोल्हापुरी चप्पल, हे खालची ओळ वाचून ठरवावं लागे. पण अंकाच्या मधोमध घडी घातलेला नकाशा असायचा, पूर्ण मापाचा, म्हणजे प्रतिकृतीएवढाच. तो उलगडून पाटावर टाचायचा, वर पातळ कागद ठेवून गिरवायचा आणि थेट करवत हातात घ्यायची. आणि पत्रं तरी काय एकेक यायची! बैलगाडीच्या चाकाला आरे किती, यावर तीन अंक भांडण चाललं होतं. सांगलीच्या एका गृहस्थांनी लिहिलं, आरे बारा. कागलच्या एकांनी कळवलं, आमच्या गाडीला चौदा आहेत, विश्वास नसेल तर येऊन मोजा. सांगलीकर खरंच एसटीनं कागलला गेले आणि पुढच्या अंकात त्यांचं पत्र आलं: चौदा आहेत हे मान्य, पण एक मोडलेला आहे, म्हणून तेरा धरावेत. असे लोक होते. मी ते पत्र यजमानांना मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. त्यांना त्यात एवढं हसण्यासारखं काय आहे ते कळलं नव्हतं.

मग अंक देखणा झाला. गुळगुळीत कागद आला, रंगीत फोटो आले. लोक परदेशातून आणलेल्या तयार किटची परीक्षणं लिहू लागले आणि त्या परीक्षणांत किट जोडलेलंच नसे. खोका किती सुंदर, आतले तुकडे किती सुबक, पुड्या कशा नीट बांधलेल्या, याचं दोन पानं वर्णन. म्हणजे लग्नाला जाऊन यावं आणि घरी येऊन पत्रिकेचा कागद किती छान होता ते सांगावं. मी संपादकांना लिहिलं की निदान प्रतिकृतीच्या शेजारी एक आगपेटी ठेवून फोटो काढत जा, म्हणजे वस्तू केवढी आहे ते तरी कळेल. पुढच्या अंकात आगपेटी आली. काड्यापेट्या जमवणाऱ्या एका गृहस्थांच्या संग्रहावर चार पानी लेख होता. हे त्यांनी मला चिडवायला केलं असतं तर मी हसून सोडलं असतं. त्यांनी ते सहज केलं होतं, म्हणून जास्त राग आला.

आणि पत्रं? "अंक मिळाला. नेहमीप्रमाणे सुंदर." "मुखपृष्ठ अप्रतिम." "जुन्या आठवणी जाग्या झाल्या. धन्यवाद." पुढे व्हॉट्सअॅपचा ग्रुप निघाला, तेव्हा तेवढे शब्दही गेले. अंगठे, फुलं, जोडलेले हात. कोणी काही करतंय की नाही, करताना अडतंय की नाही, कशाचा पत्ता नाही.

तरीही मी चरकाचा नकाशा काढायला घेतला. कागलच्या अलीकडे एका शेताच्या बांधावर उसाचा रस काढायचा एक जुना लोखंडी चरक उभा होता. तीन उभे रूळ, वर त्यांची दाती चाकं, आणि मधल्या रुळाला जुंपलेलं लांब लाकूड बैलांनी गोल फिरवायचं, असा. इंजिनाचे चरक आल्यापासून त्याच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. त्याच्यावर घेवड्याचा वेल चढला होता. तीन खेपा करून मी त्याची मापं घेतली. यजमानांनी टेपचं दुसरं टोक धरलं आणि पायाला मुंग्या चावून घेतल्या. मग घरी चौथ्या हिश्शाच्या मापाचा चरक केला, सागवानाचा, वीतभर उंच. तो नुसता फिरत नव्हता, पिळतही होता. उसाऐवजी हरळीची जाडसर काडी रुळांमध्ये घातली की ती चपटी होऊन पलीकडे यायची आणि रुळावर बारीक ओला डाग उमटायचा. तो डाग मी शेजारणींना बोलावून दाखवला. एकजण म्हणाली, "एवढ्या रसात चहाचा चमचा पण भरायचा नाही." असो.

त्याचा पूर्ण मापाचा नकाशा मी छपाईसाठी नव्यानं काढला, मजकूर लिहिला, शेवटी लिहिलं की पुढच्या वेळी गूळ शिजवायची काहील आणि तिच्याखालचं चुलवाण यांचा नकाशा देईन. संपादकांनी छापलं. अंक हातात आला, मी घडी उलगडली आणि निव्वळ कौतुकानं, दुसरं काही कारण नव्हतं, नकाशावर पट्टी ठेवली.

मधल्या रुळापासून शेजारच्या रुळापर्यंतचं अंतर लिहिलं होतं साठ मिलिमीटर. पट्टीवर भरलं एकसष्ट पूर्णांक दोन.

पहिल्यांदा मी छापखान्याला शिव्या घातल्या. मग बाकीची मापं तपासली. रूळ बरोबर, दाती चाकं बरोबर, चूक फक्त चौकटीतल्या भोकांच्या अंतरात. मी खण उघडला आणि आतल्या दोन पट्ट्या उलट्या करून पाहिल्या.

हे जरा समजावून सांगायला हवं. लोखंड वितळवून साच्यात ओतलं की थंड होताना आकसतं. म्हणून ज्या लाकडी नमुन्यावरून साचा करायचा तो नमुना थोडा मोठा ठेवावा लागतो. दर वेळी गणित करत बसायला नको म्हणून नमुने करणाऱ्या मिस्त्रींकडे एक खास पट्टी असते, तिला श्रिंकेज स्केल म्हणतात. तिच्यावरचा प्रत्येक मिलिमीटर मुळातच जरासा लांब आखलेला असतो. पोलादासाठीची पट्टी शंभराला दोननं लांब. दिसायला ती चारचौघींसारखीच. कोपऱ्यात बारीक शिक्का, एवढाच फरक. माझ्या निवृत्तीच्या दिवशी आमच्या जुन्या मिस्त्रींनी त्यांची ती पट्टी मला आठवण म्हणून दिली आणि मी ती साध्या पट्टीच्या शेजारी, एकाच खणात ठेवली. तीस वर्षं ड्रॉइंग काढणाऱ्या बाईनं! दुसऱ्या कोणाच्या हातून ही चूक होणं शक्यच नव्हतं, कारण दुसऱ्या कोणाच्या घरात ती पट्टी नसते. रुळांचे आणि चाकांचे गोल मी भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या साच्यानं काढले होते म्हणून ते वाचले. चौकट त्या पट्टीनं आखली. आकडा डोक्यातून उतरला तो खरा, रेघ पडली ती खोटी.

सव्वा मिलिमीटर म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण रुळांमध्ये फट ठेवायची होती एका मिलिमीटरची. ती झाली दोनाच्या वर. म्हणजे माझा नकाशा गिरवून जो कोणी चरक करील त्याची काडी एका बाजूनं आत जाणार आणि जशीच्या तशी दुसऱ्या बाजूनं बाहेर येणार. मी महाराष्ट्राला न पिळणारा चरक दिला होता.

दोन दिवस लाजण्यात गेले. मग चार ओळींची दुरुस्ती लिहिली आणि संपादकांना पाठवली. त्यांचा फोन आला.

"ताई, कोणाचीच तक्रार नाही हो. कशाला हात दाखवून अवलक्षण?"

"अहो, पण तो चरक पिळणार नाही!"

"कोण पिळायला बसलंय, ताई?" ते म्हणाले आणि हसले. माणूस वाईट नाही. एकटा अंक काढतो, स्वतःच पाकिटं चिकटवतो. पण ते वाक्य माझ्या डोक्यात जे घुसलं ते घुसलं. कोण पिळायला बसलंय.

मी हट्टाला पेटले. म्हटलं, ठीक आहे, छापू नका दुरुस्ती. बघूच. जो कोणी खरंच लाकूड कापेल त्याला पहिल्याच दिवशी चूक दिसेल, इतकी ती ढळढळीत आहे. एकानं, फक्त एकानं कळवलं तरी मी काहिलीचा नकाशा काढीन, चुलवाणाचा काढीन, आख्खं गुऱ्हाळ काढीन. नाहीच कोणी कळवलं तर मात्र हा उद्योग बंद. रिकाम्या देवळात घंटा वाजवायला माझ्याकडे आता वर्षं उरलेली नाहीत. हे मी यजमानांनाही सांगून टाकलं, म्हणजे मला मागे फिरता येऊ नये.

पुढच्या अंकात चरकावर सहा पत्रं होती. सहा! मी चष्मा पुसून वाचायला बसले. एकांना आजोबांचं गुऱ्हाळ आठवलं. एकांनी काकवीवर कविता केली होती आणि ती वृत्तातसुद्धा नव्हती. एका बाईंनी लिहिलं, लेख वाचताना ताज्या रसानं तोंडाला पाणी सुटलं. ज्या चरकातून थेंब निघणं शक्य नाही त्याच्या रसानं! एकांनी लेखिकेचं अभिनंदन केलं आणि मला सर म्हटलं. पाचव्यांनी फक्त "क्या बात है" एवढंच लिहिलं होतं. सहाव्यांनी विचारलं होतं, हा चरक तयार मिळेल का?

तयार मिळेल का. मी ते पत्र तीनदा वाचलं.

त्याच्या पुढच्या अंकात चरकाचा उल्लेखच नव्हता. सहा महिने झाले होते. मी रोज टपालाची वाट पाहत होते, आणि कसल्या टपालाची, तर माझी चूक सांगणाऱ्या. यजमान म्हणाले, "त्या चरकानं बाकी कोणाला पिळलं नाही, तुला मात्र चांगलं पिळून काढलं." मी त्यांच्यावर ओरडले. नंतर वाईट वाटलं, कारण बोलले ते काही खोटं नव्हतं.

त्याच दुपारी मी संपादकांना पत्र लिहिलं. मी रागात चांगलं लिहिते, हा माझा जुना दोष आहे. लिहिलं की आपले वाचक वाचत नाहीत, नुसतं बघतात. माझ्या नकाशात धडधडीत चूक आहे आणि ती दोन अंकांत एकाही माणसाला सापडली नाही, कारण एकाही माणसानं तो चरक केलेला नाही. चूक कुठे आहे ते मी सांगणार नाही. ज्यांना करायचंच नाही त्यांना सांगून उपयोग काय? मग नकाशा छापता तरी कशाला? बंद करा ते पान. पत्र पाकिटात घातलं आणि राग उतरायच्या आत कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आले.

इतकी वर्षं मी संपादकांना लिहीत आले होते. आगपेटी ठेवा, किट जोडल्याशिवाय परीक्षण छापू नका, पत्रांना जागा वाढवा. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. हे एकच पत्र नेमकं आत गेलं. पुढच्या अंकात ते अक्षरन् अक्षर छापलं होतं, चौकटीत. खाली संपादकांची टीप: आमच्या ज्येष्ठ लेखिकेची सूचना मान्य करून या अंकापासून नकाशाचं पान बंद करत आहोत. मी अंकाचा मध्य उघडला. जिथं घडी असायची तिथं एका किटविक्रेत्याची रंगीत जाहिरात होती, दोन्ही पानं भरून.

मला बरं वाटायला हवं होतं. माझंच म्हणणं खरं ठरलं होतं. दिवसभर मी स्वतःला तसं सांगत होते. संध्याकाळी लाकडाचे तुकडे एका गोणीत भरले आणि गोणी माळ्यावर टाकायला यजमानांना सांगितलं. त्यांनी ती दाराआड ठेवली.

आठवड्यानं, सकाळी दहाच्या सुमाराला फाटक वाजलं. मी मेथी निवडत होते. यजमान पुढे झाले. बाहेर पासष्टीचे एक गृहस्थ उभे होते. पांढरा शर्ट, पायजमा, टोपी, हातात घट्ट बांधलेली कापडी पिशवी.

"या पावणं. कुणीकडनं आलासा?" यजमानांनी विचारलं.

"गडहिंग्लजाकडनं. सुतार हाय मी. पुन्याच्या सायबास्नी फोन करून पत्ता घेतला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नकाशावाल्या अक्का तुमीच न्हवं?"

मी हो म्हटलं. आत येऊन त्यांनी खिशातून तो अंक काढला, माझं पत्र असलेलं पान उघडलं आणि बोट ठेवलं.

"ह्ये तुमी लिवलंय?"

"हो."

"एकबी माणसानं चरक केला न्हाय म्हंतासा?" बोलता बोलता त्यांनी पिशवीची गाठ सोडली आणि आतली वस्तू माझ्या मेथीच्या शेजारी टेबलावर ठेवली. "मग ह्यो काय माझ्या बानं केला?"

तो चरक होता. माझाच चरक, पण बाभळीचा, तेल पिऊन काळसर झालेला, दाती चाकांचा दात न् दात कानशीनं घासलेला. माझ्या सागवानी चरकापेक्षा तो चांगला होता, आणि हे मला पहिल्या नजरेत कळलं, आवडलं नाही तरी. मी अंगणात गेले, हरळीची एक जाड काडी तोडून आणली आणि रुळांमध्ये घातली. त्यांनी लाकूड फिरवलं. काडी चपटी होऊन पलीकडे आली. रुळावर ओला डाग उमटला.

"चौकटीत अंतर किती धरलंत?" मी विचारलं.

"साठ."

"आणि नकाशात किती आहे?"

"नकाशात एकसष्टाच्या वर पडतंय. पैला केला तवा काडी सरळ भाईर आली. मग पट्टी लावली, आकडा बगितला. म्हटलं, आकडा बराबर हाय, रेघ चुकलीया. घेतलं मग सांभाळून."

सांभाळून घेतलं. तीस वर्षं ह्याच शब्दाशी मी कारखान्यात भांडत आले होते. ड्रॉइंगमध्ये चूक निघाली की आमचे मिस्त्री वर ऑफिसात कळवायचे नाहीत. जागच्या जागी सुधारायचे, काम पुढे जायचं, आणि ड्रॉइंग तसंच चुकीचं कपाटात पडून राहायचं. कधीतरी वर्षानुवर्षांनी कळायचं की अमुक एक माप पहिल्यापासून चूक होतं. विचारलं की सगळे म्हणायचे, "बाई, आम्ही घेतलं की सांभाळून." ते आळसानं नव्हतं. दुसऱ्याची चूक चारचौघांत काढायची नाही, हाताला जमतं तेवढं करून टाकायचं, ही त्यांची रीत होती. मला ती माहीत होती. कोल्हापूर जिल्ह्यात राहून, अशाच लोकांसाठी नकाशा काढून, मी सहा महिने त्यांच्याकडून तक्रारीच्या पत्राची वाट पाहत बसले होते.

"मी एकटाच न्हाय," ते सांगत होते. "माझ्या साडूनं केलाय, आनि शेजारच्या मास्तरांनी केलाय. तिघांचं तीन हायत."

"आणि तिघांनाही चूक दिसली?"

"दिसंल न्हायतर काय! काडीच पिळंना की."

"मग कळवायचं नाही का मला?" मी जवळजवळ ओरडले. यजमान चहा घेऊन येत होते ते दारातच थांबले. "एक ओळ लिहायची होती! एक फोन!"

ते गृहस्थ गोंधळले. "काय कळवायचं, अक्का? तुमचं चुकलंय म्हनून? तुमी उनातानात जाऊन मापं काडली, एवढा नकाशा दिलासा, आनि आमी वर चूक दावायची? बरं दिसतंय व्हय ते?"

"अहो, मला तेच हवं होतं!"

त्यांना हे पटलं नाही. बशीत चहा ओतून ते शांतपणे पिऊ लागले. मी काहीतरी करायचं म्हणून चरक उचलला, सवयीनं उलटा केला. तळाच्या फळीवर सुतारी पेन्सिलीनं दोन ओळी लिहिल्या होत्या. अक्षर मोठं, सरळ: नकाशात ६१.२ पडलंय, ६० धरावं. आकडा खरा, रेघ खोटी.

इतक्या वर्षांत या त्रैमासिकाला आलेलं इतकं चांगलं पत्र मी वाचलेलं नाही. चूक काय, किती, कुठे आणि खरं काय, सगळं दोन ओळींत. माझे डोळे भरून आले आणि त्याच वेळी त्या माणसाला धरून गदागदा हलवावंसं वाटलं.

"हे पोस्टकार्डावर लिहून पाठवायचं होतं तुम्ही," मी म्हटलं.

"कार्ड कशाला? ज्याला करायचाय त्यो उलटा करून बगंलच की."

मी तिथंच संपादकांना फोन लावला, आवाज मोठा ठेवून, म्हणजे पाहुण्यांनाही ऐकू जावं. सांगितलं की चरक केलेले वाचक सापडले आहेत, एक नाही, तीन. पान परत सुरू करा. काहिलीचा नकाशा मी महिन्याभरात देते.

संपादकांनी ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "ताई, आता अवघड आहे हो. मधली दोन पानं वर्षभरासाठी जाहिरातीला दिली. घडीचं काम नव्हतं म्हणून हा अंकही वेळेवर निघाला." आणि मग, अगदी मऊ आवाजात, "शिवाय तुमचंच पत्र होतं ना."

मी फोन ठेवला. यजमानांनी रिकाम्या कपबशा उचलल्या.

"म्हंजे काहील न्हाय?" पाहुण्यांनी विचारलं.

"तुम्हाला काढून पाठवते मी," मी घाईनं म्हटलं. "तिघांनाही. टपालानं, पूर्ण मापाचा, आधी तपासून."

"साडूनं तांब्याचा पत्रा आनून ठेवलाय," ते म्हणाले. मग थोडा विचार करून, "आमास्नी मिळंल वो. आमी काय, हितं येऊन बी नेऊ. पर आमच्यागत दुसरीकडं किती आसतील कुनाला ठावं. वडगावात आसतील, सांगलीकडं आसतील. त्ये काय पत्र लिवनार न्हाईत. त्यास्नी कसं कळायचं?"

त्यांनी चरक पुन्हा पिशवीत घातला, गाठ मारली. जेवून जा म्हटलं तर नको म्हणाले, बाराची गाडी होती. आम्ही दोघं त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. फाटकाची कडी काढताना ते थांबले. रागानं नाही, पण स्पष्ट बोलले.

"अक्का, बंद करा म्हनून लिवायच्या आदी एकदा इचारायचं की आमास्नी."

मला जे बोलायचं होतं ते छापून आलं होतं.